सुरुंगक्षेत्रापासून शेतापर्यंत : उत्तर श्रीलंकेतील भूसुरुंगमुक्तीची कार्यपद्धती, टप्प्याटप्प्याने

भूसुरुंगमुक्ती म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मेटल डिटेक्टर घेऊन चालणारा माणूस उभा राहतो. मदतसंस्थांत नव्याने रुजू होणारे कार्यकर्ते, निवृत्तीनंतर या कामाकडे वळणारे सैनिकी अभियंते आणि विषयाचा अभ्यास करणारे विद्यार्थी हे सारे त्यामुळे एकच गफलत करतात : शोधकाम हीच संपूर्ण प्रक्रिया आहे असे ते धरून चालतात. जमीन शेतकऱ्याकडे परत जाते ती पुराव्यांच्या साखळीवर, आणि ही साखळी बहुधा डिटेक्टर मैदानात येण्यापूर्वी किंवा तो परत गेल्यानंतर तुटते. म्हणून या लेखात त्या दोन टोकांना अधिक जागा दिली आहे.

उदाहरण उत्तर श्रीलंकेचे घेतले आहे. किलाली, मुहमालै आणि नागरकोविल या रेषेवर सेना आणि लिट्टे यांच्या आघाड्या वर्षानुवर्षे समोरासमोर होत्या आणि २००९ मध्ये युद्ध संपले तेव्हा जाफना द्वीपकल्पाच्या तोंडाशी असलेला हा पट्टा जगातील अतिशय दाट सुरुंगक्षेत्रांपैकी एक होता. तेथे हॅलो ट्रस्ट आणि मॅग या आंतरराष्ट्रीय संस्था, डॅश आणि शार्प या श्रीलंकेतील संस्था आणि श्रीलंका सेनेचे मानवतावादी सुरुंगमुक्ती पथक यांनी काम केले आहे. भारतातील निवृत्त सैनिकी अभियंत्यांच्या पथकांनीही श्रीलंकेत हे काम केले.

खडकीच्या बॉम्बे सॅपर्ससारख्या दलात सुरुंगांचे शिक्षण घेतलेल्या वाचकांनी एक फरक सुरुवातीलाच पक्का करावा. लढाईत सुरुंगक्षेत्र भेदताना फौजेला पुढे जाण्यापुरती वाट हवी असते, त्यासाठी वेळेची घाई असते आणि काही धोका पत्करलेला असतो. मानवतावादी कामात ठरवलेल्या क्षेत्रातील, ठरवलेल्या खोलीपर्यंतची प्रत्येक स्फोटक वस्तू काढावी किंवा नष्ट करावी लागते, कारण त्या जमिनीवर उद्या मुले खेळणार असतात.

सावधान : हा लेख प्रक्रिया समजावी म्हणून लिहिलेला आहे. तो प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. मान्यताप्राप्त प्रशिक्षणाशिवाय कोणीही संशयित जमिनीत पाऊल टाकू नये आणि सापडलेल्या वस्तूला हात लावू नये.

टप्पा १ : नियमांची चौकट आधी ठरवा

श्रीलंकेने १३ डिसेंबर २०१७ रोजी भूसुरुंगबंदीचा ओटावा करार स्वीकारला आणि तो त्या देशापुरता १ जून २०१८ पासून लागू झाला. कराराच्या पाचव्या कलमानुसार सुरुंगक्षेत्रे साफ करण्यासाठी दहा वर्षे मिळतात. कामाची देखरेख २०१० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरुंग कृती केंद्राकडे आहे. आंतरराष्ट्रीय सुरुंग कृती मानके हा पाया, त्यावर देशाची राष्ट्रीय मानके आणि त्यांना धरून प्रत्येक संस्थेची स्वतःची स्थायी कार्यपद्धती, अशी ही उतरंड असते. संस्थेला आणि तिच्या पथकांना मान्यता मिळाल्याशिवाय काम सुरू होत नाही.

येथे हमखास होणारी चूक म्हणजे दुसऱ्या देशातील कार्यपद्धती जशीच्या तशी आणणे. मार्गिकेची (कर्मचारी जमीन तपासत ज्या अरुंद पट्टीतून पुढे सरकतो तिची) रुंदी, दोन कर्मचाऱ्यांमधील अंतर, सफाईची खोली आणि बाहेरील तपासणीचे प्रमाण हे सारे राष्ट्रीय मानकांतून आणि प्रत्यक्ष सापडणाऱ्या सुरुंगांच्या प्रकारांवरून ठरते. उत्तर श्रीलंकेत सेनेने पेरलेले पी-४ आणि टाइप-७२ हे प्लास्टिकच्या आवरणाचे, अत्यल्प धातूचे सुरुंग आहेत. शिवाय लिट्टेने स्वतः तयार केलेले जॉनी-९५ आणि रंगन-९९ आहेत, त्यांपैकी जॉनी-९५ लाकडी पेटीतला आहे. भरपूर लोखंड असलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांसाठी बेतलेली पद्धत येथे लावली तर ती कागदावर नीट दिसेल आणि जमिनीत सुरुंग तसेच राहतील.

तीन शब्द पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. अतांत्रिक सर्वेक्षणातून, म्हणजे जमिनीत न शिरता कागद आणि लोक यांच्याकडून मिळालेल्या माहितीतून, धोका नसल्याचे सिद्ध झालेली जमीन ‘रद्द’ होते, तांत्रिक सर्वेक्षणातून, म्हणजे जमिनीत शिरून केलेल्या पाहणीतून, तसे सिद्ध झालेली जमीन ‘घटवली’ जाते आणि प्रत्यक्ष शोध पूर्ण केलेली जमीन ‘साफ’ होते. तिन्हींची बेरीज करून ‘एवढे हेक्टर साफ केले’ असे लिहिणारे अहवाल आजही दिसतात. देणगीदारांना तो आकडा आवडतो, परंतु पुढे त्याच जमिनीत काही सापडले तर कोणत्या पुराव्यावर ती मोकळी केली होती हे शोधता येत नाही.

टप्पा २ : अतांत्रिक सर्वेक्षण

सर्वाधिक वेळ येथे द्यावा आणि पथकातील सर्वांत अनुभवी माणसे येथे लावावीत, असे माझे ठाम मत आहे. प्रत्यक्षात उलटेच घडते. हे ‘बोलण्याचे काम’ समजून नवख्यांकडे जाते आणि अनुभवी लोक डिटेक्टरवर ठेवले जातात. सर्वेक्षणात वाढवून काढलेली प्रत्येक हद्द नंतर गुडघ्यांवर बसून, सेंटिमीटर सेंटिमीटरने तपासावी लागते, आणि सर्वेक्षणात सुटलेला एखादा पट्टा कदाचित कधीच तपासला जात नाही.

क्रम असा ठेवावा. प्रथम कागद गोळा करावेत : सेनेच्या सुरुंगपेरणीच्या नोंदी, जुने नकाशे, उपग्रह छायाचित्रे, अपघातांच्या आणि रुग्णालयांच्या नोंदी, आधीच्या सर्वेक्षणांचे अहवाल. मग लोकांना भेटावे. शेवटी सुरक्षित असल्याची खात्री असलेल्या वाटांवरून जमीन बाहेरून पाहावी. अनेकजण थेट जमिनीवर जातात आणि मग दिसेल त्याला जुळणारे कागद शोधू लागतात. अशाने पहिली समजूतच पुरावा होऊन बसते.

सेनेच्या नोंदी उपयोगी असतात, पण त्या आंधळेपणाने वापरू नयेत. पेरणीनंतर आघाडी पुढे-मागे सरकलेली असते, नोंदीतील संदर्भबिंदू म्हणून घेतलेले ताडाचे झाड तोफखान्याने उडवलेले असते आणि एका तुकडीने पेरलेल्या ओळीत दुसऱ्या तुकडीने भर घातलेली असते. दुसऱ्या बाजूच्या पेरणीच्या अशा नोंदी हाती नसल्याने तेथे मातीचे बंधारे, खंदक, बंकर आणि तारांचे अवशेष यांवरून आघाडीचा आकार वाचावा लागतो. पायदळविरोधी सुरुंग सहसा संरक्षक बंधाऱ्याच्या पुढे, शत्रू ज्या बाजूने येईल त्या अंगाला पेरलेले असतात. म्हणून बंधाऱ्याची पुढची बाजू कोणती, हा प्रश्न नकाशावर रेघ मारण्यापूर्वी सुटला पाहिजे.

लोकांशी बोलताना केवळ ग्राम निलधारी (गावपातळीवरचा सरकारी अधिकारी) आणि गावातील प्रतिष्ठित पुरुष यांच्यावर थांबू नये. सरपण गोळा करणाऱ्या बाया, गुरे राखणारी मुले, ताडी काढणारे, भंगार वेचणारे आणि युद्धानंतर सर्वांत आधी परतलेली कुटुंबे यांना जमिनीची माहिती पावलापावलाने असते. स्त्रियांशी स्त्री कर्मचाऱ्यांनी वेगळे बसून बोलावे, आणि ते तमिळ भाषेत, दुभाष्याशिवाय होईल असे पाहावे. ‘येथे सुरुंग आहेत का?’ असा सरळ प्रश्न विचारला की भीतीपोटी किंवा सोयीपोटी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी शेवटची नांगरणी कधी केली, गुरे कोठवर जातात, कोणती वाट टाळता, कोणते जनावर कोठे मेले, कोणी सुरुंग उचलून बाजूला ठेवला होता का, असे विचारावे. शेवटचा प्रश्न विसरू नये. परतलेल्या माणसांनी शेत लावण्याच्या घाईत स्वतःच सुरुंग काढून विहिरीत, वारुळाशेजारी किंवा बांधावर ठेवल्याची उदाहरणे या क्षेत्रात सर्वत्र आढळतात, आणि असा हलवलेला सुरुंग कोणत्याही पेरणीच्या आकृतीत बसत नाही.

प्रत्येक माहितीपुढे ती कोणाकडून मिळाली आणि त्या व्यक्तीने ते स्वतः पाहिले की ऐकले, हे लिहावे. थेट पुरावा आणि ऐकीव पुरावा यांचे वजन वेगळे असते. थेट पुरावा असलेले क्षेत्र ‘निश्चित धोकाक्षेत्र’ म्हणून नोंदवावे, केवळ अप्रत्यक्ष पुरावा असलेले ‘संशयित धोकाक्षेत्र’ म्हणून. पुरावा नसताना, केवळ जमीन ओसाड आहे म्हणून, तिला संशयित ठरवू नये. ती ओसाड असण्याचे कारण मालक परदेशात स्थायिक झाला आहे किंवा विहीर खारी झाली आहे, एवढेच असू शकते.

तपासा : हद्दीचा प्रत्येक वळणबिंदू कोणत्या पुराव्यावर ठरला, हे सांगता येते का? येत नसेल तर सर्वेक्षक पुन्हा गावात पाठवावा. हद्द ‘सुरक्षिततेसाठी’ शंभर मीटर बाहेर सरकवणे हा उपाय नव्हे; त्याने कोणाचे तरी चांगले शेत अनेक वर्षांसाठी बंद होते.

टप्पा ३ : प्राधान्यक्रम आणि कामाचा आदेश

कोणती जमीन आधी घ्यायची हे जिल्हा सचिवालय, सुरुंग कृती केंद्र आणि गाव यांच्या सल्ल्याने ठरते. पुनर्वसनाची वाट पाहणारी घरे, शाळा, विहिरी आणि रस्ते सहसा आधी येतात, मग शेती, मग जंगल. येथे एक गोष्ट आग्रहाने करावी : जमिनीचा पुढचा वापर आदेशात लिहून घ्यावा. भातशेती, नारळाची बाग आणि घराचा पाया यांना लागणारी खोली वेगवेगळी असते. वापर न लिहिता काम सुरू झाले तर नेहमीच्या किमान खोलीपर्यंत सफाई होते आणि मालक तेथे पाया खणतो.

टप्पा ४ : तांत्रिक सर्वेक्षण

निश्चित धोकाक्षेत्रात सुरुंग नेमके कोठे आहेत आणि कोठे नाहीत, हे येथे प्रत्यक्ष जमिनीत शिरून पाहिले जाते. प्रशिक्षित कर्मचारी पुराव्याच्या दिशेने अरुंद मार्गिका काढत जातात, पहिली ओळ सापडली की दोन सुरुंगांमधील आणि दोन ओळींमधील अंतर मोजतात आणि त्यावरून पेरणीची आकृती कागदावर बसवतात. आकृती एकदा जुळली की पुढच्या सुरुंगाची जागा बरीचशी अंदाजता येते, आणि त्याच आकृतीत रिकामी जागा आली की तेथे काय झाले हा प्रश्न उभा राहतो. सुरुंग फुटला, कोणी उचलला, पावसाच्या पाण्याने वाहून गेला, की पेरलाच नव्हता? खड्डा, प्लास्टिकचे तुकडे, जुनी पिन असे काही उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ओळ संपल्यावर किती अंतरापर्यंत आणखी शोधायचे, हे पूर्वीच लिहिलेले असावे. शेवटच्या सुरुंगापलीकडे ठरावीक मीटर काहीही न सापडल्यास सफाई थांबते आणि उरलेली जमीन घटवली जाते. येथे दोन प्रकारच्या चुका होतात. काही पर्यवेक्षक भीतीपोटी ओळ संपूनही आठवडेच्या आठवडे कोरी जमीन खणत राहतात आणि तेवढ्या काळात दुसरे गाव वाट पाहते. इतर काही पर्यवेक्षक महिन्याचे उद्दिष्ट गाठण्यासाठी ते अंतर मनानेच कमी करतात. दोन्ही निर्णय लेखी कारण देऊनच घेता यावेत, अशी पद्धत ठेवावी.

टप्पा ५ : कार्यस्थळाची मांडणी

पहिली मार्गिका उघडण्यापूर्वी नियंत्रण केंद्र, वाहनतळ, विश्रांतीची जागा, शौचालय, स्फोटकांची साठवण आणि धातूच्या कचऱ्याचा खड्डा ही सर्व सुरक्षित जमिनीत आखून घ्यावीत. लाल-पांढऱ्या खुंट्यांनी आणि स्थानिक भाषांतील फलकांनी हद्द दाखवावी. दगड रंगवले असतील तर लाल बाजू धोक्याकडे आणि पांढरी बाजू साफ जमिनीकडे असते. ही खूण गावातील शाळेतही शिकवलेली असावी, कारण सुट्टीच्या दिवशी स्थळावर गुरांमागून मुलेच येतात.

वैद्यकीय तयारीत सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे सराव. प्रशिक्षित वैद्यकीय सहायक, स्ट्रेचर आणि रुग्णवाहिका स्थळावर असणे आवश्यक आहे. त्यासोबत जखमीला मार्गिकेतून बाहेर काढून रुग्णालयाच्या दारापर्यंत नेण्याचा सराव घड्याळ लावून झाला पाहिजे. अपघात झाल्यावर शेजारचा सहकारी धावत जखमीकडे जातो आणि दुसरा सुरुंग फुटतो, हा या क्षेत्रातील जुना आणि टाळता येणारा मृत्यू आहे. अपघात होताच सर्वांनी जागीच थांबावे, पर्यवेक्षकाने ठरवलेल्यांनीच साफ वाटेने पुढे जावे आणि वाट साफ नसेल तर ती साफ करत जावे.

तपासा : रुग्णवाहिकेत इंधन आहे का, चालक आज हजर आहे का, रस्ता पावसाने बंद झालेला नाही ना, आणि रुग्णालयाशी आज सकाळी संपर्क झाला का? यातील एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर त्या दिवशी मार्गिका उघडू नये.

टप्पा ६ : शोध आणि सफाई

दिवसाची सुरुवात डिटेक्टरच्या चाचणीने होते. त्या स्थळावर अपेक्षित असलेल्या, शोधण्यास सर्वांत कठीण सुरुंगाएवढा धातू असलेला नमुना ठरलेल्या खोलीवर पुरून त्यावर यंत्र घ्यावे. चाचणीची माती कामाच्या मातीसारखीच असावी. जाफन्याची लोहयुक्त तांबडी माती स्वतःच डिटेक्टरला हुंकार द्यायला लावते; कोकणातील जांभ्या जमिनीची सवय असलेल्याला ही अडचण समजेल. यंत्र मातीशी जुळवून घेताना संवेदनशीलता एवढी कमी होऊ शकते की कुरकुर थांबते आणि त्यासोबत पी-४ मधील एवढासा धातूही ऐकू येईनासा होतो. म्हणून चाचणी सकाळी एकदाच करून भागत नाही. विश्रांतीनंतर, बॅटरी बदलल्यावर आणि ऊन चढल्यावर ती पुन्हा करावी.

प्रत्येक कर्मचाऱ्याच्या अंगावर छातीपासून मांड्यांपर्यंतचे संरक्षक कवच आणि चेहरा पूर्ण झाकणारी पारदर्शक ढाल हवी. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार हे संरक्षण ६० सेंटिमीटरवरील २४० ग्रॅम टीएनटीच्या स्फोटाला समोरून तोंड देणारे असावे लागते आणि ढालीचे पॉलिकार्बोनेट ५ मिलिमीटर जाडीचे असते. किलिनोच्चीच्या उन्हात त्या ढालीमागे श्वासाची वाफ धरते, घाम डोळ्यांत उतरतो आणि हात आपोआप ढाल वर करायला जातो. ढाल वर करावीशी वाटली की मार्गिकेतून मागे, साफ जागेत जावे आणि मगच ती उचलावी. अर्ध्या-पाऊण तासाच्या कामानंतर सक्तीची विश्रांती देण्याचे कारण हेच आहे.

मार्गिकेतील कामाचा क्रम बदलू नये. साफ जमिनीच्या कडेवर रंगवलेली आडवी काठी ठेवलेली असते आणि तिच्यापुढची जमीन तपासलेली नाही असे मानले जाते. प्रथम नजरेने पाहावे, मग ताणलेली तार आहे का ते तपासावे, मग गवत आणि झुडूप वरून खाली, थोडे थोडे कापून मागे काढावे आणि मगच डिटेक्टर फिरवावा. चकतीखालचे शोधक्षेत्र खोलीसोबत निमुळते होत जाते, त्यामुळे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर चढली पाहिजे आणि मार्गिकेच्या दोन्ही कडांबाहेरही गेली पाहिजे. दोन मार्गिकांमध्ये सुटलेली हातभर पट्टी ही नंतरच्या तपासणीत सर्वाधिक आढळणारी चूक आहे.

संकेत मिळाला की त्याची जागा वेगवेगळ्या बाजूंनी निश्चित करून खूण करावी आणि खणणे संकेतापासून मागे, साफ जमिनीच्या बाजूने सुरू करून तिरकस कोनात, बाजूने त्याच्यापर्यंत पोहोचावे. वरून दाब पडता कामा नये. शंभरांतले बहुतेक संकेत खिळे, काडतुसांची टरफले आणि तारेचे तुकडे निघतात, आणि धोका नेमका तेथेच असतो, कारण सलग टरफलेच निघाल्यावर पुढचा संकेतही टरफलच असेल असे हाताला वाटू लागते. प्रत्येक संकेत सुरुंग समजूनच खणावा. वस्तूचा भाग दिसला की काम थांबवावे, खूण ठेवावी, मागे यावे आणि पर्यवेक्षकाला बोलवावे. ती निकामी करायची की जागेवरच स्फोटाने नष्ट करायची हे अधिकृत प्रशिक्षिताने ठरवायचे असते. नष्ट केल्यानंतर त्या खड्ड्यात आणि भोवती पुन्हा डिटेक्टर फिरवावा.

धातूचा कचरा फार असलेल्या वाळूसर जमिनीत श्रीलंकेत दाताळ्यांनी माती थराथराने मागे ओढण्याची पद्धत रुळली आहे. त्यात डिटेक्टरवर भिस्त न ठेवता ठरलेल्या खोलीपर्यंतची सगळी माती हलवली जाते. ती संथ आहे, पण सुरुंग दाट असतील आणि माती गोंगाट करत असेल तेथे खात्रीची आहे. कोसळलेले बंकर आणि उंच बंधारे यांसाठी चिलखती यंत्रे वापरली जातात, पण यंत्राने उकरलेली माती पसरून पुन्हा तपासावीच लागते. ‘यंत्र फिरले, म्हणजे जमीन साफ झाली’ हे गृहीत धरणे चुकीचे आहे.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ वेळापत्रकात आधीपासून धरावा. पाण्याखाली गेलेल्या मार्गिकांच्या खुणा हलतात. पाणी ओसरल्यावर जुन्या कडेवरून काम पुढे नेण्याआधी ती कड मोजमापाने पुन्हा निश्चित करावी, शंका असल्यास थोडे मागे जाऊन सुरुवात करावी.

टप्पा ७ : गुणवत्ता तपासणी

तपासणी तीन पातळ्यांवर होते. पथकप्रमुख दररोज साफ केलेल्या जमिनीचा भाग पुन्हा तपासतो, संस्थेचा स्वतंत्र तपासनीस अधूनमधून येतो आणि सुरुंग कृती केंद्राचा निरीक्षक काम चालू असताना व पूर्ण झाल्यावर पाहतो. पथकप्रमुखाने ज्याचे काम तपासायचे त्याला भाग आधी सांगू नये. एखाद्या तपासणीत सुरुंग किंवा ठरलेल्या आकाराहून मोठा धातू सापडला तर केवळ तेवढा काढून पुढे जाणे ही गंभीर चूक ठरते. त्या कर्मचाऱ्याने, त्या यंत्राने आणि त्या दिवशी साफ झालेली सर्व जमीन पुन्हा तपासाखाली आली पाहिजे. यासाठी कोणत्या दिवशी कोणती मार्गिका कोणी आणि कोणत्या यंत्राने केली, ही रोजची नोंद असावी लागते. ही नोंद संध्याकाळी आठवून लिहू नये. मार्गिका बंद करतानाच लिहावी.

टप्पा ८ : पूर्णता अहवाल

शेवटचा खड्डा बुजला की लोकांना काम संपले असे वाटते. खरे तर पुढची पन्नास वर्षे ज्याचा आधार घेतला जाईल तो कागद अजून तयार व्हायचा असतो. त्यात संदर्भबिंदू, हद्दीचे सर्व वळणबिंदू आणि त्यांचे निर्देशांक (नकाशावरील जागा दाखवणारे आकडे), रद्द-घटवलेल्या-साफ केलेल्या भागांची वेगवेगळी क्षेत्रे, साफ केलेली खोली, वापरलेली पद्धत, सापडलेल्या वस्तूंची जागेसह यादी आणि न केलेल्या भागाचे कारण हे सारे यावे. ही माहिती राष्ट्रीय माहितीप्रणालीत जाते.

वळणबिंदूंवर जमिनीतही टिकणाऱ्या खुणा असाव्यात. लाकडी खुंट्या सरपणात जातात. निर्देशांक घेताना कोणती मोजणीपद्धत वापरली ते लिहिले नाही तर दोन नकाशे एकमेकांवर ठेवल्यावर हद्द सरकलेली दिसते, आणि त्या सरकलेल्या पट्टीत कोणी काम केले होते याचे उत्तर कोणाकडेच नसते.

तपासा : या अहवालावरून, पथकातील एकही माणूस सोबत नसताना, तिऱ्हाईत मोजणीदार हद्द जमिनीवर पुन्हा आखू शकेल का?

टप्पा ९ : हस्तांतरण

हस्तांतरण म्हणजे फीत कापून प्रमाणपत्र देणे, ही समजूत सोडावी. जिल्हा सचिवालयाचा प्रतिनिधी, ग्राम निलधारी, जमिनीचे मालक आणि शेजारचे शेतकरी यांना सोबत घेऊन हद्दीवरून प्रत्यक्ष चालावे. शोधकाम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी साफ जमिनीवरून गावकऱ्यांदेखत चालून दाखवावे. वर्षानुवर्षे जिच्याकडे पाहूनही पाय थबकत होते त्या जमिनीवर विश्वास बसायला याहून दुसरे साधन नाही. उत्तर श्रीलंकेत या पथकांमध्ये त्याच भागातील अनेक स्त्रिया आहेत, काही कुटुंबाच्या एकट्या कर्त्या. त्यांचे शब्द गावात अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा जास्त मानले जातात, म्हणून त्यांना बोलू द्यावे.

तीन गोष्टी मालकाला स्पष्ट सांगाव्यात आणि लिहूनही द्याव्यात : साफ जमिनीची हद्द कोठे संपते, किती खोलीपर्यंत सफाई झाली आहे आणि त्याखाली खणायचे असल्यास कोणाला कळवायचे. जमीन ‘शंभर टक्के सुरक्षित’ आहे असे म्हणू नये. सर्व वाजवी प्रयत्न झाले आहेत आणि काही अवशिष्ट धोका राहू शकतो, हे प्रामाणिकपणे सांगितल्याने लोक जमीन नाकारत नाहीत. आश्वासन खोटे ठरले तर मात्र ते पुढच्या पथकावरही विश्वास ठेवत नाहीत.

वेळही पाहावी. भाताचा ‘महा’ हा मुख्य हंगाम ईशान्य पावसावर चालतो. पेरणीच्या आधी जमीन हातात आली तर कुटुंबाला त्याच वर्षी पीक मिळते, पंधरा दिवस उशीर झाला तर पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते.

टप्पा १० : जमीन कोणाच्या हाती गेली?

साफ झालेल्या जमिनीची किंमत अचानक वाढते आणि जुने वाद वर येतात. विस्थापनात खरेदीखते हरवलेली असतात, १९३५ च्या जमीन विकास अध्यादेशाखालील परवाना मृत पतीच्या नावावर असतो, बांध ओळखण्याची झाडे नष्ट झालेली असतात. सुरुंगमुक्ती संस्थेने मालकीचा निवाडा करू नये. तो तिचा अधिकार नाही. मात्र काम हाती घेण्यापूर्वीच, म्हणजे तिसऱ्या टप्प्यात, प्रादेशिक सचिवालयाकडून दावेदारांची यादी मागवावी आणि वाद असल्यास तो नोंदवून ठेवावा. विधवांचे दावे या यादीत आहेत का हे आवर्जून पाहावे. सफाईनंतर हे विचारले तर उत्तर देणारा सहसा सर्वांत बलवान दावेदार असतो.

सुमारे सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षभराने त्या जमिनीला पुन्हा भेट द्यावी. कोण पीक घेते, आदेशात लिहिलेला वापर होतो का, एखादा कोपरा अजून टाळला जातो का, याची नोंद करावी. टाळलेल्या कोपऱ्याला फार महत्त्व द्यावे. कधी ती केवळ भीती असते आणि एकदा सोबत चालल्याने ती जाते. कधी त्या कोपऱ्याविषयी कोणाला तरी असे काही ठाऊक असते जे सर्वेक्षणात कोणी विचारलेच नव्हते. नांगराला किंवा फावड्याला काही लागल्याचे कळले तर त्या जागेची जुनी फाइल उघडावी, वस्तू हद्दीच्या आत होती की बाहेर आणि साफ केलेल्या खोलीच्या वर होती की खाली हे मोजावे, तोपर्यंत तेवढ्या भागात खुणा लावून प्रवेश थांबवावा आणि मोजणीचा निष्कर्ष त्या शेतकऱ्याला त्याच्या बांधावर जाऊन सांगावा.